धाव

आमच्याकडे धाव म्हणजे नुसतं पळणं नव्हे.
गाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टीसुद्धा धावच.
शेणींच्या जाळात लाल करायची,
तिघांनी सांडशीत धरून लाकडावर बसवायची,
वरून पाणी. धूर उठायचा,
आणि ती आवळत जायची तसे आरे कण्हायचे.
तात्या ते काम शिराळ्यात करायचे.
मी रास अल खैमात सायकली दुरुस्त करतो,
एसी गिऱ्हाईक आल्यावरच लागतो.

बुदूर पहिल्यांदा आली तेव्हा सतरा वर्षांची,
डोंगरातल्या शिही लोकांची पोर.
भावाने पिकअपमधून उतरवलं तीन चाकांचं लांबनाक्या जनावर,
कुण्या जर्मन बाईने वापरून सोडलेलं.
बैठकीत अजून त्या बाईच्या मांड्यांचा साचा.
"उस्ताद, चाक लंगडतंय," ती हिंदीत म्हणाली
आणि स्वतःच्याच वाक्यावर इतकी हसली
की मला कुठे बघावं कळेना.

इथल्या सरकारी कागदावर ती हिंमतवाल्यांत मोडते.
ती म्हणे, हिंमत कसली, राग आहे माझ्याकडे.
नऊ वर्षांची होते, वादीला पूर आला, गाडी उलटली,
तेव्हापासून जो तो माझ्याशी
हळू आवाजात बोलतो.

पहाटे साडेतीनला कॉर्निशवर.
जुलैत तेव्हाही हवा ओल्या फडक्यासारखी,
रिंग निसटते, म्हणून हातमोज्यांना राळ.
मला वाटायचं, ती चाक ढकलत असेल.
नाही. ठोकते. वरून खाली, मुठीच्या पाठीने,
ठक्, आणि हात सुटा,
ठक्, आणि हात सुटा.
डोळे मिटले तर ऐरण.
मासळीच्या होड्या परतताना दिवे हलवायच्या,
ती मान वर करायची नाही.

आता ते सांगतो जे मी तेरा वर्षं सांगितलं नाही.
शारजाची शर्यत, आठशे मीटर.
टायर चिकटवला की चोवीस तास शिवायचा नसतो.
मी एक रात्र दिली.
गुरुवार होता, पगार हातात,
एक्सचेंज बंद व्हायच्या आत घरी पैसे पाठवायचे होते.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती दुसरी होती.
टायर सापाच्या कातीसारखा सुटला, कुंपणाशी जाऊन पडला.
ती थांबली नाही.
उघड्या रिमवर उरलेले अडीचशे मीटर,
तो आवाज अजून दातांत आहे माझ्या.
आठांत आठवी.
पत्रकारांना म्हणाली, वाळू होती ट्रॅकवर.
वाळू नव्हती.

सकाळी शटर वर केलं तर ती दारात,
मांडीवर ते खरवडलेलं चाक.
मी बोलायला तोंड उघडलं.
ती म्हणाली, "नवीन दे. आणि या वेळी
माझ्यापेक्षा सावकाश काम कर."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे:
जपानातलं रुपं, स्वित्झर्लंडमधलं सोनं,
विमानतळावर ढोल, उंट, कुणा काकांची लांबलचक कविता.
माहीत नाही ते एवढंच, की त्या रात्री
ती ढोलवाल्यांना चुकवून माझ्या गाळ्यात आली,
बेअरिंग बोलतंय म्हणाली,
आणि मी ग्रीस भरेपर्यंत
खोक्यावर डोकं टेकून झोपली.

मग उजवा खांदा गेला. दोनदा कापला.
चौतिसाव्या वर्षी एका संध्याकाळी
तिने हातमोजे माझ्या बाकावर ठेवले
आणि सुटे पैसे विसरावेत तसे विसरून गेली.
महिना झाला. मी विचारलं नाही.
राळेला मुंग्या लागत नाहीत, तेवढं बरं.

माझा व्हिसा संपला. सामानात ते जुनं रिम घेतलं.
तपासणीवाल्या पोराने उलटं-पालटं केलं:
"मोडकं चाक कशाला नेता, चाचा?"
रांग खोळंबलेली. काय सांगणार त्याला.
म्हटलं, धाव चढवायची राहिलीय.